‘नोंद नाही’ या उत्तराचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. त्यांची एक सवय आज प्रथम सांगतो, कारण आजच्या विषयाचे बीज तीतच आहे. हजेरीपटात एखादी चौकट कोरी राहिली, तर महिनाअखेरीस बेरीज करताना तिला ते गैरहजेरी धरीत नसत. मूल आले नाही ही एक गोष्ट, आणि मूल आले की नाही हे आपण लिहून ठेवले नाही ही दुसरी गोष्ट, असे ते आम्हांला समजावीत. दोन्ही ठिकाणी बेरजेत भर पडत नाही. पण पहिल्या ठिकाणी मुलाविषयी काही कळते, दुसऱ्या ठिकाणी केवळ हजेरी घेणाऱ्याविषयी.

संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याच्या भाषांत ‘हॅश टेबल’ नावाची एक रचना असते. या रचनेभोवती गेल्या सुमारे पन्नास वर्षांत अनेक लहान लहान सोयीची फंक्शने उभी राहिली आणि त्या त्या भाषेबरोबर मिळणाऱ्या प्रमाण भांडारात दाखल झाली. त्यांचा इतिहास सांगावा, असे मी योजिले आहे. विषय अगदी तांत्रिक आणि किरकोळ वाटेल. परंतु या फंक्शनांतील बहुतेकांचा जन्म एकाच प्रश्नातून झाला आहे: विचारलेली नोंद तक्त्यात नसेल, तर उत्तर काय द्यावयाचे? हा प्रश्न किरकोळ नाही, आणि आपल्या जिल्ह्याला तर तो मुळीच नवा नाही.

१. हिशेबाने जागा शोधणे

शाळेच्या दप्तरात काही हजार विद्यार्थ्यांचे कागद आहेत, असे समजा. त्यांतील एक काढावयाचा तर पहिला मार्ग म्हणजे एकामागून एक सर्व पाहत जाणे. दुसरा मार्ग वर्णानुक्रमाचा. मोल्सवर्थचा मराठी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ साली. त्यातील शब्द आपण पाने पुढेमागे करून थोड्याच वेळात शोधतो, तो याच मार्गाने. तिसरा मार्ग असा की शोधावयाचेच नाही, हिशेब करावयाचा. कपाटाला शंभर खण करावेत आणि प्रवेश क्रमांकाचे शेवटचे दोन अंक हाच खणाचा क्रमांक मानावा. ३४८२ हा क्रमांक ऐकताच हात ८२व्या खणाकडे जातो. येथे ३४८२ ही ‘किल्ली’, आत ठेवलेला कागद हे ‘मूल्य’, आणि किल्लीवरून खण काढण्याची रीत म्हणजे ‘हॅश’ फंक्शन.

अडचण एकच. १९८२ क्रमांकाचा विद्यार्थीही ८२व्याच खणात येतो. याला टक्कर म्हणतात. तिच्यावर उपाय दोन: त्या खणातील कागद एका दोऱ्यात ओवून ठेवावेत, किंवा पुढचा रिकामा खण शोधून त्यात ठेवावा. संगणकशास्त्रातील पुढचे पुष्कळसे संशोधन या दोन उपायांच्या पोटातच झाले.

नावावरून हिशेबाने स्थान काढण्याची कल्पना आपल्याला परकी वाटू नये. कर्नाटक संगीतातील ७२ मेळकर्त्यांची नावे पाहा. कटपयादी पद्धतीत क, ट, प, य या अक्षरांना १, ख, ठ, फ, र यांना २, असे अंक दिलेले आहेत. ‘मायामालवगौळ’ या नावातील ‘म’चे ५ आणि ‘य’चा १, अंक उलटे मांडले की १५, आणि या मेळाचा क्रमांक पंधराच. ‘धीरशंकराभरण’ या नावातील ‘ध’चे ९ आणि ‘र’चे २, उलटे मांडले की २९. यादी न चाळता गायकाला नावावरून क्रमांक सांगता येतो. येथे नावेच अशी बेतलेली आहेत की टक्कर होऊ नये. कटपयादीचा मूळ हेतू संख्या स्मरणात ठेवणे हा होता, त्यामुळे तिला हॅश टेबल म्हणणे योग्य होणार नाही. पण शोधाऐवजी हिशेब हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

२. कापडाच्या धंद्यातून आलेला मनुष्य

संगणकात ही युक्ती प्रथम कोणी मांडली, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः हान्स पीटर लून या नावाने दिले जाते. लून हे १८९६ साली जर्मनीत जन्मले. अमेरिकेत ते कापडाच्या धंद्यात होते आणि विणलेल्या कापडातील धागे मोजण्याचे ‘लूनोमीटर’ हे साधन त्यांनी तयार केले. आदिलाबादसारख्या कापसाच्या मुलखातील श्रोत्यांना याचे अगत्य वाटेल. १९४१ साली ते आयबीएम कंपनीत आले आणि जानेवारी १९५३ मध्ये कंपनीतील सहकाऱ्यांसाठी लिहिलेल्या एका टिपणात त्यांनी खण आणि साखळी यांची ही रीत मांडली. पतपत्राच्या क्रमांकातील चूक पकडणारा जो शेवटचा अंक असतो, त्याची पद्धतही लून यांचीच.

याच सुमारास आयबीएममधील दुसऱ्या एका गटाला तीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली. १९५६ साली आर्नल्ड ड्यूमी यांनी ती प्रथम छापील लेखात आणली आणि किल्लीच्या संख्येस अविभाज्य संख्येने भागून बाकी घ्यावी, असे सुचविले. १९५७ साली वेस्ली पीटरसन यांचा सविस्तर लेख आला. रशियात आंद्रेई येर्शोव्ह यांनी त्याच काळात पुढचा रिकामा खण पाहण्याची रीत स्वतंत्रपणे शोधली. ‘हॅश’ हा शब्द मात्र बराच काळ केवळ बोलण्यात होता. हॅश म्हणजे बारीक चिरून केलेला काला. विद्वानांच्या लेखनात तो शोभत नसावा. १९६८ साली रॉबर्ट मॉरिस यांच्या लेखाने त्याला प्रतिष्ठा मिळाली आणि १९७३ साली डोनाल्ड क्नूथ यांच्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडाने या विषयाला शास्त्राचे रूप दिले.

येथपर्यंतचा इतिहास ग्रंथांत आढळतो. यापुढचा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही, कारण तो शोधाचा नसून वापराचा आहे.

३. तीन ओळींचे ओझे

एखाद्या मजकुरातील प्रत्येक शब्द किती वेळा आला, हे मोजावयाचे आहे. शब्द ही किल्ली, संख्या हे मूल्य. आज्ञावली लिहिणाऱ्यास दरवेळी असे लिहावे लागे: हा शब्द तक्त्यात आहे का पाहा, नसेल तर त्याच्यापुढे शून्य लिही, मग त्यात एक मिळव. तीनच ओळी. पण जगात जो जो मोजणी करी, यादी करी, गट पाडी, तो तो याच तीन ओळी पुन्हा लिही. आणि मधली ओळ विसरली की आज्ञावली पहिल्याच नव्या शब्दाशी अडखळून थांबे. सोयीच्या फंक्शनांचा जन्म या कंटाळ्यातून आणि या चुकीतून झाला.

१९७७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन या तिघांनी आपल्या आद्याक्षरांवरून ‘ऑक’ हे नाव देऊन एक छोटी भाषा केली. तीत त्यांनी हे ओझे पूर्णपणे उतरविले. नसलेल्या किल्लीचे मूल्य मागितले, तर ऑक ती नोंद तत्क्षणी निर्माण करते आणि मूल्य रिकामे, म्हणजे हिशेबापुरते शून्य, धरते. शब्दांची मोजणी एका ओळीवर आली. परंतु या सोयीत एक गफलत दडलेली होती. मोजावयाचे नसून केवळ चौकशी करावयाची असली, तरी चौकशीनेच नोंद होऊन बसे. गावात अमुक मनुष्य राहतो का, असे विचारावे आणि कारकुनाने त्याचे नाव यादीत घालून मग ‘होय, राहतो’ म्हणावे, असा हा प्रकार. त्यामुळे नोंद न करता चौकशी करण्याची वेगळी सोय ठेवावी लागली. सी प्लस प्लस भाषेच्या तक्त्यांत चौकटी कंसाने मूल्य मागितले की असेच घडते; आणि केवळ ‘आहे का’ एवढे विचारणारे साधे फंक्शन त्या भाषेच्या प्रमाणात २०२० साली आले.

लिस्प या जुन्या भाषेच्या परंपरेने निराळा विचार केला. १९८४ साली गाय स्टील यांच्या ग्रंथाने कॉमन लिस्पचे रूप निश्चित झाले. त्यातील ‘गेटहॅश’ हे फंक्शन दोन गोष्टी करते. नोंद नसेल तर काय मूल्य समजावे, हे विचारणाऱ्यासच ठरवू देते. आणि उत्तरही दुहेरी देते: एक मूल्य, आणि दुसरे ते मूल्य खरोखर तक्त्यात मिळाले की नाही याची साक्ष. माझ्या मते या साऱ्या इतिहासात याहून प्रामाणिक उत्तर दुसरे नाही. घाई असणाऱ्याने पहिले घ्यावे, जबाबदारी असणाऱ्याने दुसरेही पाहावे. या भाषेचे प्रमाण १९९४ साली कायम झाले, त्यामुळे पुढच्या सोयी प्रमाणाबाहेर वाढल्या. ‘अलेक्झांड्रिया’ या प्राचीन ग्रंथालयाच्या नावाच्या संग्रहात ‘नसेल तर घालून दे’ असे सांगणारे फंक्शन आहे, ते यांपैकीच एक. पुढे २००९ साली जाहीर झालेल्या गो भाषेनेही दुहेरी उत्तराचीच रीत पत्करली.

पायथन भाषेचा प्रवास तर पायरीपायरीने झालेला दिसतो. २००० सालच्या आवृत्तीत ‘सेटडिफॉल्ट’ आले: नोंद असेल तर ती दे, नसेल तर मी सांगतो ते मूल्य घाल आणि तेच दे. काम उत्तम, पण नावावरून ते कळत नाही. शिवाय मूल्य तयार करण्याचा खर्च गरज नसतानाही दरवेळी पडतो. २००६ साली ‘डिफॉल्टडिक्ट’ आला. त्यात नियम एकदाच सांगून ठेवावयाचा, मग विचारताच नोंद तयार. म्हणजे ऑकचीच वृत्ती, पण मागेल त्यालाच. २००९ साली केवळ मोजणीसाठी ‘काउंटर’ आला. त्यात नसलेल्या वस्तूची संख्या विचारली तर शून्य मिळते, पण विचारल्याने नोंद होत नाही. फरक सूक्ष्म आहे. तो ठरविण्यास ऑकपासून बत्तीस वर्षे लागली, हे ध्यानात घ्यावे.

जावा भाषेत नोंद नसली की ‘नल’, म्हणजे काहीच नाही, असे उत्तर येई. पण १९९८ साली त्या भाषेत आलेल्या ‘हॅशमॅप’मध्ये नोंद असून तिचे मूल्यच ‘नल’ असू शकते. तेव्हा उत्तराचा अर्थ कोणता, हे उत्तरावरून कळत नाही. मार्च २०१४ मध्ये आठव्या आवृत्तीने ‘गेट ऑर डिफॉल्ट’, ‘कॉम्प्युट इफ ॲब्सेंट’, ‘मर्ज’ अशी फंक्शने एकदम दिली. यांतील दुसऱ्याला तयार मूल्य द्यावयाचे नसते, मूल्य करण्याची कृती द्यावयाची असते. गरज पडली तरच ती चालते. सेटडिफॉल्टमधील खर्चाची उणीव येथे भरून निघाली.

आणखी एक कारण होते. दोन कारकुनांनी एकाच वेळी एकाच वहीत पाहिले, दोघांनाही नाव आढळले नाही आणि दोघांनीही ते लिहिले, तर एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीखाली नाहीशी होते. पाहणे आणि लिहिणे यांच्यामध्ये कोणालाही शिरू न देता दोन्ही एका दमात झाली पाहिजेत. २००४ साली जावाच्या पाचव्या आवृत्तीत सामायिक तक्त्यासाठी ‘पुट इफ ॲब्सेंट’ आले ते यासाठीच. सारांश, ज्यांना आपण सोय म्हणतो, त्यांतील काही केवळ सोयी नसून सुरक्षितता होत्या. त्या तीन सुट्या ओळी कितीही काळजीपूर्वक लिहिल्या, तरी ही सुरक्षितता त्यांत आली नसती.

४. शून्य आणि ‘शेतकऱ्यांना’

आता हा विषय आपल्या लिपीपाशी आणतो. हॅश फंक्शनला अक्षर दिसत नाही, अक्षराचा क्रमांक दिसतो. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ साली निश्चित झाले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि देवनागरी व तेलुगू या दोन्ही लिप्यांना तीत क्रमांक मिळाले. ही मोठी गोष्ट झाली. पण मराठीत एक अक्षर असे आहे की त्याने पुढे अनेकांना चकविले.

‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे शब्द निराळे, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ निराळे, हे आपल्या प्राथमिक वर्गातील मुलासही ठाऊक असते. हा आडवा अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो: एक, ‘ऱ’ला स्वतंत्र क्रमांक आहे, त्यापुढे हलन्त, दुसरा, साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही रूपे हुबेहूब सारखी दिसतात. क्रमांकांची माळ मात्र वेगळी, म्हणून किल्ली वेगळी, म्हणून बहुधा खणही वेगळा.

आपल्यापैकी एखाद्या विद्यार्थ्याने आदिलाबादच्या कापूस बाजाराविषयीचे मराठी मजकूर जमविले आणि त्यांत ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द किती वेळा आला हे मोजावयाचे ठरविले, असे समजा. टंकलेखन निरनिराळ्या कळफलकांवर झालेले. तक्त्यात एकाच शब्दाच्या दोन नोंदी होतील आणि विचारणाऱ्यास त्यांतील एकच मिळेल. सर्व मजकूर पहिल्या प्रकारे लिहिलेला आणि प्रश्न दुसऱ्या प्रकारे विचारलेला असेल, तर नोंद मुळीच सापडणार नाही. जुनी तीन ओळींची आज्ञावली येथे थबकली असती आणि मुलाने डोके खाजवून कारण शोधले असते. सोयीचे फंक्शन थबकत नाही. ते अत्यंत नम्रपणे उत्तर देते: शून्य. शेतकऱ्यांना शून्य! आणि मुलगा ते वहीत उतरून घेतो.

युनिकोडने समान रूपे एकत्र करण्याचे जे नियम दिले आहेत, ते ही दोन रूपे एक करीत नाहीत. तो नियम मराठी जाणणाऱ्यानेच किल्ली तयार होण्यापूर्वी लावावा लागतो. ‘ॲ’ची गतही अशीच आहे, त्याला २००८ साली स्वतंत्र क्रमांक मिळाला, पण ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेली जुनी रूपे सर्वत्र आहेतच. भाषेबरोबर मिळणारे भांडार कितीही समृद्ध असले, तरी आपल्या भाषेचे हे ज्ञान त्यात आपोआप येत नाही.

आपल्या शेजाऱ्यांची स्थिती याहून बिकट होती. या जिल्ह्यातील नारनूरजवळच्या गुंजाला गावी गोंडी भाषेची हस्तलिखिते एका स्वतंत्र लिपीत आढळली. हैदराबाद विद्यापीठाचे प्रा. जयधीर तिरुमल राव यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासकांनी ती उजेडात आणली. त्या लिपीला ‘गुंजाला गोंडी’ या नावाने युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१८ साली, अकराव्या आवृत्तीत. तोपर्यंत तिच्या अक्षरांना जगात मान्य असा क्रमांक नव्हता. क्रमांक नाही म्हणून किल्ली नाही, आणि किल्ली नाही म्हणून कोणत्याही तक्त्यात नोंद नाही. ती अक्षरे लिहिलेली होती, वाचणारी माणसेही गावात होती. नव्हती ती केवळ नोंद.

५. कोरी चौकट

‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा करण्याची चूक संगणकाने शोधून काढलेली नाही. निजामाच्या काळी या जिल्ह्यातील गोंड आणि कोलाम पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत आले. पण महसुलाच्या दप्तरात अनेकांच्या नावे पट्टा नव्हता. दप्तराने त्याचा अर्थ सोयीने केला: नोंद नाही, म्हणजे हक्क नाही. राखीव जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या, बाहेरून आलेल्यांच्या नावे पट्टे झाले आणि कसणारा मनुष्य आपल्याच शेतात उपरा ठरला. १९४० साली जोडेघाट येथे कुमरम भीम यांना वीरमरण आले, त्यामागे हीच वेदना होती. त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ यांनी मारलवाई गावी राहून गोंडांच्या जीवनाचा अभ्यास केला. शासनाने गोंडांना पट्टे देण्यास प्रारंभ केला, त्यात त्यांच्या प्रयत्नांचा मोठा वाटा होता. १९४३ साली मारलवाईत गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि गोंडीची पहिली वाचनपुस्तके देवनागरीत सिद्ध झाली.

या दोन गोष्टी मी एका पारड्यात घालीत नाही. आज्ञावलीतील शून्य दुरुस्त करता येते. गेलेली जमीन क्वचितच परत येते. पण दोहोंमागील मनाची सवय एकच आहे. तक्ता करणारा स्वतःच्या अज्ञानाला वस्तूचा अभाव समजतो. म्हणूनच या लहान फंक्शनांचा इतिहास मला शिकविण्याजोगा वाटतो. ऑकने रिक्त जागा भरून टाकली. लिस्पने ती भरली, पण भरल्याची साक्षही दिली. जावाने पाहणे आणि लिहिणे एकत्र बांधले. पायथनच्या काउंटरने शून्य सांगितले, पण यादीत खोटी भर घातली नाही. प्रत्येकाने अनुपस्थितीचा अर्थ थोडा निराळा लावला, आणि तो अर्थ भाषेच्या भांडारात एकदा शिरला की लाखो लोक तो न विचारता वापरतात.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही या सोयी अवश्य वापरा. ज्यांनी आपले कंटाळवाणे काम हलके केले, त्यांचे ऋण मान्य करावे. फक्त शून्य हाती आले की एकदा थांबून विचारा: हे मोजून आलेले शून्य आहे, की न सापडल्यामुळे मानलेले? गुरुजी महिनाअखेरीस हजेरीपट पुढे ओढीत आणि कोऱ्या चौकटीवर बोट ठेवून वर्गाला विचारीत, त्या दिवशी हा आला होता का? कोणी तरी सांगे, होय, आला होता. मग ते तेथे ‘ह’ लिहीत.